अक्का, तोंडावर ‘नको’ म्हणायचं होतंस

अक्का,

काल तुझ्या तेराव्याला मी माझं वेगळं पाणी घेऊन बसले होते. बाहेरून आणून, उकळून, बाटलीत भरून. पंगतीत वाढणाऱ्यानं तांब्या पुढं केला तर मी म्हणाले, "माझं आहे." तुझ्या धाकट्या जावेनं, काशीबाईनं, डोळे वटारून पाहिलं. पाहू दे. ज्या घरात तुला उलट्या-जुलाबानं गाठलं, त्या घरातलं पाणी मी कशी पिणार? तू असतीस तर हसली असतीस. "सुमे, तू सोताच्या सावलीलाबी पावती मागशील," असं म्हणाली असतीस. मागते, मागते. पावती मागणारी बाई अजून हिंडतेय बघ, आणि साऱ्या दुनियेवर इतबार ठेवणारी भिंतीवर हार घालून बसलीय.

रागवू नको. पण आज गिरणी बंद ठेवून बसलेय ती तुझ्याशी भांडायलाच. आपलं भांडण अर्धं राहिलंय.

लहानपणापासून आपलं हेच. कंधारच्या बाजारात माळणीनं किडकी वांगी पिशवीत टाकली, तर मी जाऊन तिच्या टोपलीत परत ओतायची आणि तू मला ओढत आणायचीस. "असू दे गं, तिला वाईट वाटंल." अगं, वांगी किडकी तिची, आणि वाईट तिलाच वाटायचं? पुढं तुझ्या लेकाची, संतोषची सुपारी फोडायला आपण लातूरला गेलो. विहीणबाई पोळ्यांवर पोळ्या वाढत होत्या आणि तू "लई झक्कास झाल्यात" म्हणत हो-हो करत होतीस. परतीच्या बसमध्ये तुझ्या पिशवीला तूप सुटलं. मी पिशवी उघडली तर खणात गुंडाळलेली पुरणपोळी. "पोट फुटायला आलं होतं गं, पण त्या माउलीला न्हाई कसं म्हणू?" नव्याकोऱ्या खणाचं वाटोळं झालं, पण तुझ्या तोंडून ‘नको’ निघालं नाही.

मला तुझ्या याच स्वभावाचा राग यायचा, आणि याच स्वभावावर मी वाढले, हेही खरं. आई गेल्यावर माझी वेणी घालणारी तू. हे गेल्यावर मी गिरणी टाकली तेव्हा सगळे म्हणाले, बाईमाणसाला पट्टा ओढणं जमेल का. पहिलं दळण तू आणलंस, कंधारहून एस.टी.नं, ज्वारीचं गाठोडं मांडीवर घेऊन. जातं नीट लागलेलं नव्हतं, पीठ रव्यासारखं जाड पडलं. तू चिमटीत घेऊन म्हणालीस, "काय मऊ पडलंय गं!" अक्का, त्या पिठाच्या भाकरी थापताना फुटल्या असणार. मला ठाऊक होतं तू खोटं बोलतेस. तरी त्या खोट्यावर माझी गिरणी उभी राहिली.

गिरणीनं मला माणसं शिकवली. कोण ओली ज्वारी आणतं, कोण दळणात खडे सोडतं, कोण पीठ परत मोजतं. मी तुला म्हणायची, "तू सगळ्यांवर इतबार ठेवून मरशील एक दिवस." तू म्हणालीस, "आन् तू कुणावरच न ठेवता जगशील व्हय?"

तुझा शेवटचा नीट फोन आला तेव्हा गिरणीवर गर्दी होती. सोन्याला दात येऊन राहिलेत म्हणालीस. नातवाचं कौतुक सांगत होतीस आणि मध्येच, जरा पातळ होतंय त्याला, समद्या लेकरांना होतंय, दात हायेत ते. मग हळूच म्हणालीस, "मलाबी जरा मळमळून राहिलंय. रातचं वरण आंबलं असंल."

मी काय विचारलं आठवतंय? "कुणी केलं होतं वरण?"

"ज्योतीनं. आता माझ्या सुनेच्या वरणाच्या मागं लागू नको."

आपल्याकडं लेकराला दात येताना जुलाब व्हायचेच, हे जसं काही देवानं लिहून दिलंय. आपली आई तसंच म्हणायची, तिची आईही. म्हणून लंगोट धुतले की हात नुसते पाण्यातून काढायचे आणि भाकरी थापायला बसायचं. दातांना कुणी साबण लावतं का? सोन्याचं सगळं तूच करत होतीस. ज्योती म्हणत होती म्हणे, "आत्याबाई, राहू द्या, मी धुते." तू ऐकलं नाहीस. त्याचा अर्धा चावलेला बिस्किटाचा तुकडाही तूच खात होतीस, नातवाचं उष्टं खाल्लं की आयुष्य वाढतं म्हणून.

तुला नांदेडच्या दवाखान्यात आणलं तेव्हा तू डोळे उघडून पाहत होतीस पण ओळखत नव्हतीस. हात धरला तर कातडी चिमटीत तशीच राहत होती. डॉक्टरीण माझ्या पुतणीएवढी पोर, पण शांत. मी तिला दातांचं सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, दातांनी असं होत नसतं. हे विषाणू आहेत. रोटा म्हणून एक असतो, नोरो म्हणून एक, आणखीही आहेत. लेकराला आधी गाठतात, मग लेकराचं करणाऱ्याला. शी धुताना हाताला लागतात आणि हातावरून घासात जातात."

"पण घरात आणला कुणी?"

"ते नाही सांगता येत. पाण्यातून येतो, खाण्यातून येतो, कुणाच्या हातावरून येतो. दाराच्या कडीवरही राहतो."

"लेकराला तर डोस पाजलेत, तोंडातले थेंब."

"म्हणूनच कदाचित ते बरं झालं. थेंबांनी रोटाचा जोर कमी होतो. पण विषाणू एकच नसतो ना."

ऐक! दिसत नाही, वास नाही, नावं दोन-चार, आणि राहायला दाराची कडी. असला चोर मी मानायचा? गिरणीत पीठ कमी भरलं तर मी उंदराचं बीळ शोधते, भुताला नारळ फोडत नाही. मला माणूस पाहिजे होता, अक्का. ज्याच्या नावानं बोटं मोडता येतील असं कुणीतरी.

आणि तो माणूस त्या डॉक्टरणीनंच हातात दिला, तिच्या मनात नसताना. तिनं विचारलं, "घरी ओआरएस दिलं होतं का? मीठ-साखरेचं पाकीट?" ज्योती पुढं झाली. "दिलं की. उकळून गार केलेल्या पाण्यात. सोन्याला देत होते, आत्याबाईंनाही देत होते. पाकिटं संपली म्हणून परत आणली." डॉक्टरीण तुझ्याकडं बघत म्हणाली, "एवढं पाणी खरंच पोटात गेलं असतं तर किडन्या अशा बंद पडल्या नसत्या."

संतोषनं मान वळवून बायकोकडं पाहिलं. मी पाहिलं. काशीबाईनं तर पाहून घेतलंच. तू गेलीस ती त्या नजरांच्या मध्येच गेलीस.

माती सावडून झाल्यावर मी कंधारलाच राहिले. रडण्यापेक्षा मला शोधाशोध जमते. जारचं पाणी देणाऱ्याला दारात उभा करून जारचं झाकण हुंगलं. गच्चीवर चढून टाकीत डोकावले. गुडघे बोंबलत होते, पण चढले. दूधवाल्याला विचारलं, दुधात कुठल्या हौदाचं पाणी घालतोस? तो म्हणाला, "मावशी, मी घालत न्हाई, आता म्हैस काय पिऊन येते ते तिलाच इचारा." तू असतीस तर पदर तोंडात कोंबून हसली असतीस. मी मात्र खरंच म्हशीपर्यंत जाऊन आले.

आणि घरात काय चाललं होतं सांगू? काशीबाई आल्या-गेल्या बायकांपुढं एकच वाक्य टाकत होती. "लेकराला पाजलं तर लेकरू वाचलं. सासूला पाजलं असतं तर सासू वाचली असती." बस. पुढं काही म्हणायची गरजच नाही. बायका ज्योतीकडं बघायच्या, चहा न पिता उठायच्या. शिकलेली हाय, पुण्याला जायचं होतं तिला, सासूची अडचणच झालती, असं एकेक वाढत गेलं. संतोष तिच्याशी बोलेना. जेवायचं ताट काकूच्या हातून घ्यायला लागला. आणि ठरलं की तेराव्याला ज्योतीचे वडील येतील ते लेकीला नि नातवाला लातूरला घेऊन जातील. थोडे दिवस. ‘थोडे दिवस’ म्हणून माहेरी गेलेल्या बायका आपल्या गावात किती आहेत, तुला ठाऊक आहे. त्यांच्या लेकरांना बापाची सही मागायची वेळ येते तेव्हा त्या थोड्या दिवसांची वर्षं झालेली असतात.

संतोष मला म्हणाला, "मावशी, तुझ्यापाशी कुणाचं खोटं टिकत न्हाई. तूच इचार तिला."

विचारलं. ती सोन्याला थोपटत बसली होती. "दिलं मावशी. शपथ घेते." पिताना बघितलंस का, मी म्हणाले. "पेला हातात देऊन मी सोन्याकडं जायचे. परत आले की पेला रिकामा असायचा. तोंड पुसून म्हणायच्या, लई गोड झालंय, आणखी दे."

"रिकामा पेला कुणीबी दाखवतंय," असं मी म्हणाले. ती भिंतीकडं तोंड करून बसली. अक्का, माझी खात्री पटली होती. पोरगी दमली असेल, दोघांची आजारपणं काढता काढता एकाचं केलं, एकाचं राहिलं, आता कबूल करायची छाती नाही. असंच असणार, मी मनाशी म्हणाले. गिरणीवर बसलेली बाई मी, मला कोण फसवणार?

तेराव्याच्या आदल्या दिवशी रशीदाभाभी आली, तुझ्या खोलीमागची शेजारीण. चहाचा थर्मास घेऊन आली, तुझ्या घरी चूल पेटायच्या आत. थोडा वेळ डोळे पुसले, मग अवघडून म्हणाली, "सुमनबाई, घरात चुना असंल तर द्या जरासा. माझ्या शेवग्याखाली मुंग्या लई झाल्या. आता भिंतीतून घरात शिरून राहिल्या."

देते, मी म्हणाले. ती आपली हसून म्हणाली, "अक्काची मेहेरबानी! गोड पाणी पाजून गेली मुंग्यांना."

मी चुन्याचा डबा खाली ठेवला. "कसलं गोड पाणी?"

"ते दवाईचं पाणी न्हाई का, पाकिटाचं. खिडकीतून ओतायच्या ना रोज. मी इचारलं, अक्का, क्या करतेव? तर म्हणाल्या, मीठ हाय गं यात. मला बीपीच्या साहेबानं मीठ बंद केलंय. पोरगी पळून पळून करून आणते, तिला न्हाई कसं म्हणू? तू बोलू नको तिला, मन मोडंल." रशीदाभाभीनं माझं तोंड बघितलं आणि तिचं हसू उतरलं. "का? काय झालं? मला काय मालूम होतं…"

मी तिच्यावरही विश्वास ठेवला नाही, ऐक. मागं गेले, तुझ्या खिडकीखाली. शेवग्याच्या बुडाशी मुंग्यांचं नुसतं राज्य. भिंतीवर खिडकीपासून खालपर्यंत पांढरट ओघळ वाळलेला. मी बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. खारट. जरा गोडसर, पण खारट. दुसऱ्याच्या घरचं पाणी न पिणारी मी, भिंत चाटून उभी होते, आणि रशीदाभाभी तोंडाला पदर लावून बघत होती.

तिथनं तशीच सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या नर्सबाईला विचारलं, बीपीवाल्याला जुलाब लागले तर हे पाकीट चालतं का? ती म्हणाली, "अहो, चालतं काय, द्यायलाच पाहिजे. जुलाबात पाण्याबरोबर अंगातलं मीठपण निघून जातं, तेच भरून काढायचं असतं. मीठ बंद म्हणजे रोजच्या जेवणातलं, लोणच्या-पापडातलं. आणि बीपीची गोळीसुद्धा अशा वेळी विचारून घ्यायची असते, काही गोळ्यांनी लघवी वाढते, पाणी आणखी कमी पडतं." तू तर गोळी न चुकता घेत होतीस. साहेबानं सांगितली ना! साहेबानं दोन शब्दांत सांगितलं, ‘मीठ बंद’. कधी चालू करायचं ते त्यानं सांगितलं नाही, आणि तू विचारलं नाहीस, कारण बाहेर रांग होती आणि त्याला उशीर होईल असं तुला वाटलं असणार. तुला मी ओळखते.

येताना रस्त्यावर मी तुला शिव्या दिल्या, अक्का. मोठ्यानं. लोक बघत होते. जारवाल्यापासून म्हशीपर्यंत साऱ्यांवर संशय घेतला, आणि चोर आमच्या घरातली सगळ्यात भोळी बाई निघाली! अगं, हिला वाईट वाटेल, तिला वाईट वाटेल. मला काय वाटेल हे एकदा तरी मनात आणलंस का? मला आता वेणी घालायला कोण आहे? माझं जाड पीठ कोण मऊ म्हणणार आहे?

आणि मग भलताच पेच. तू रशीदाभाभीला सांगितलं होतंस, पोरीला बोलू नको. मेलेल्या माणसाचा शब्द. सांगितलं तर ज्योतीला जन्मभर टोचणार, की आपण दिलेलं सासूनं ओतलं. नाही सांगितलं तर तिचा संसार लातूरच्या गाडीत चढणार. रशीदाभाभी म्हणाली, "अक्काची बात हाय, तुम्ही बघा." मी तर ठरवूनच टाकलं होतं, सांगायचं. मी फक्त जेवणं होईपर्यंत थांबले, तुझ्या तेराव्याची पंगत उठू नये म्हणून.

गाडी दारात लागली. व्याही बिचारे कुणाच्याच डोळ्यात न बघता पिशव्या ठेवत होते. ज्योती सोन्याला घेऊन तुझ्या फोटोला नमस्कार करायला आली. भावकी सगळी बैठकीत बसलेली. मी उभी राहिले आणि म्हणाले, "पिशव्या उतरवा. ज्योतीनं पाजायला दिलं होतं. आमची अक्का खिडकीतून ओतत होती." मग सगळं सांगितलं, मीठ, साहेब, शेवगा, मुंग्या. रशीदाभाभीला दारातून बोलावून पुन्हा सांगायला लावलं, कारण तुझ्या भावकीचा माझ्यावर इतबार नाही, आणि बरोबरच आहे. काशीबाई म्हणाली, "मुंग्या काय कुठंबी व्हत्यात." मी म्हणाले, "जा, भिंत चाटून ये." ती गेली नाही. संतोष गेला. परत आला तो उंबऱ्यातच खाली बसला, डोकं हातात धरून.

मला वाटलं ज्योती रडेल. रडली नाही. सोन्याला आपल्या वडिलांकडं दिलं आणि तुझ्या फोटोपुढं जाऊन उभी राहिली. तिचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता.

"आत्याबाई, मला एकदा ‘नको’ म्हणायचं होतं ना! एकदा! मी डॉक्टरला फोन लावला असता. ते म्हणाले असते, द्या, तर तुमचं नाक दाबून पाजलं असतं. तुम्हाला माझं मन राखायचं होतं? मनाला काय करू मी? मला तुम्ही पाहिजे होता."

काशीबाई उठली. "मेलेल्या माणसावर वरडतीस? लाज हाय का?"

मी म्हणाले, "ओरडू दे तिला. हक्काचं आहे."

ती ओरडली, अक्का. पोटभर ओरडली. मग हुंदके आले, मग संतोष उठून तिच्याजवळ गेला आणि तिथंच उभा राहिला. व्याह्यांनी पिशव्या उतरवल्या.

निघताना मी ज्योतीपाशी गेले. तिला म्हणाले, चार दिवस नांदेडला चल माझ्याकडं, सोन्याला घेऊन. जरा आराम होईल तुला. खरं म्हणजे मला ती जवळ पाहिजे होती, तुझ्या घरचं कुणीतरी पाहिजे होतं. आणि माझ्या बोलण्याची भरपाईही करायची होती, ते तिनं ओळखलं.

तिनं माझ्या डोळ्यात बघितलं. लाल डोळे, सुजलेले, पण हलले नाहीत. "न्हाई येत मी, मावशी. तुम्ही माझ्यावर संशय घेतला. मला अजून तुमचा राग हाय. राग गेला की सांगते."

अशी तोंडावर. माझ्या वयाला, माझ्या पांढऱ्या केसांना. मी "बरं" म्हणाले आणि बसस्टँडवर आले. अक्का, तुझ्या घरात कुणीतरी सरळ ‘न्हाई’ म्हणालं. ते मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की नांदेडच्या गाडीत बसल्यावर, तू गेल्यापासून पहिल्यांदाच, मला रडायला आलं.